पहिली क्रूझ आणि बिनखिडकीची खोली

मागच्या भागात लांबच्या प्रवासाचं बजेट कसं बसवायचं यावर बोललो होतो. त्यानंतर मेसेजमध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत यायला लागला. "दादा, पहिल्यांदाच क्रूझला जायचंय. इनसाइड केबिन सगळ्यात स्वस्त दिसतेय. पण तिला खिडकीच नाही म्हणे. घेऊ का?" कुणी लग्नाच्या वाढदिवसासाठी विचारतंय, कुणाला आई-बाबांना न्यायचंय, कुणी कॉलेजच्या ग्रुपसाठी.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे लोकलमध्ये ऐकत असाल आणि स्टेशन जवळ आलं असेल तर सोय होईल. दोन-तीन रात्रींची पहिली क्रूझ असेल तर इनसाइड केबिन बिनधास्त घ्या. फक्त दोन गोष्टी तपासा. एक, ती खोली जहाजात नेमकी कुठे आहे. दोन, त्या खोलीत झोपणार कोण आहे. पहिली चुकली तर झोप जाते. दुसरी चुकली तर एखाद्याची सगळी ट्रिपच जाते. वेळ असेल तर आता सविस्तर ऐका.

आधी इनसाइड केबिन म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. अनेकांना वाटतं की ही जहाजाच्या तळाशी, इंजिनाशेजारी कुठेतरी असलेली कोंदट खोली. तसं नसतं. प्रवासी जहाज साधारण तीस मीटर किंवा त्याहून जास्त रुंद असतं. केबिनच्या मजल्यावर लांबच्या लांब दोन कॉरिडॉर असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. कॉरिडॉरच्या बाहेरच्या बाजूच्या खोल्यांना समुद्र मिळतो, म्हणजे खिडकी किंवा बाल्कनी. आतल्या बाजूच्या खोल्यांना तो मिळत नाही, कारण त्यांच्या पाठीमागे जहाजाचा मधला भाग असतो. झाली इनसाइड केबिन. म्हणजे समोरासमोरच्या दोन दारांमध्ये फरक फक्त कॉरिडॉरच्या रुंदीचा. मजला तोच, गालिचा तोच, खोली आवरणारा माणूसही बहुतेक वेळा तोच.

खोली लहान असते, हे मात्र खरं. मोठ्या जहाजांवर इनसाइड केबिन साधारण १२० ते १८० चौरस फुटांच्या दरम्यान असते. मुंबईत वन आरकेमध्ये राहिलेल्या माणसाला यात काही नवीन नाही. पलंग, छोटं कपाट, आरसा, टीव्ही आणि जेमतेम वळता येईल असं बाथरूम. हवा एसीच्या नळीतून सतत येत असते, त्यामुळे गुदमरण्याचा प्रश्न नाही. मोठ्या बॅगा पलंगाखाली जातात. चौघांसाठीची केबिन असेल तर वरचे दोन बंक भिंतीतून किंवा छतातून खाली येतात, रेल्वेच्या अप्पर बर्थसारखे. आणि तुम्हाला जेवण, शो, पूल, डेक हे सगळं तेच मिळतं जे बाल्कनीवाल्याला मिळतं. काही जहाजांवर स्वीटवाल्यांना वेगळं लाउंज वगैरे असतं, पण बाकी जहाज सगळ्यांचं एकच.

आता आपल्याकडचं उदाहरण घेऊ. मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' येतं. हे जहाज १९९० साली फ्रान्समधल्या सँ-नाझेरच्या गोदीत बांधलं गेलं. तेव्हा त्याचं नाव 'नॉर्डिक एम्प्रेस' होतं आणि ते रॉयल कॅरिबियनकडे होतं. २०२१ पासून ते कॉर्डेलियाच्या नावाने भारतात धावतंय. हा इतिहास मी एका कारणासाठी सांगतोय. १९९० च्या सुमाराला बांधलेल्या जहाजांवर बाल्कन्या मोजक्याच असायच्या. खोलीला बाल्कनी हवीच, ही फॅशन त्यानंतर वाढली. त्यामुळे अशा जहाजावर बहुतेक लोक बाल्कनीशिवायच प्रवास करत असतात. इनसाइड घेतली म्हणजे आपण एकटेच कुठेतरी मागच्या रांगेत बसलोय, असं मनात आणायचं कारण नाही. त्याच्याही मागे जायचं तर आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत भाऊच्या धक्क्यावरून कोकणात आणि गोव्याला बोटी जायच्या. त्यातले कितीतरी लोक डेकवर सतरंजी टाकून जायचे. केबिन हा शब्द त्यांच्या हिशोबातच नव्हता.

आता हिशोब. मी इंजिनिअर आहे, त्यामुळे मला आकडे मांडल्याशिवाय चैन पडत नाही. भाडी दर आठवड्याला बदलतात, म्हणून खरे आकडे देत नाही, समजा म्हणून घेऊ. समजा दोन रात्रींसाठी इनसाइडचं भाडं माणशी वीस हजार आहे आणि बाल्कनीचं पस्तीस. दोघांचा फरक तीस हजार. आता बघा, खोलीत तुम्ही जागे, उजेडात आणि निवांत असे किती तास असणार? संध्याकाळी जहाज सुटतं तेव्हा सगळे वर डेकवर असतात. मग जेवण, शो, गाणी. रात्री बारा-एकला खोलीत. दुसऱ्या दिवशी मुरगाव बंदराला लागलं की तुम्ही उतरून गोव्यात. संध्याकाळी परत, पुन्हा जेवण, पुन्हा शो. तिसऱ्या दिवशी सकाळी बॅगा भरायच्या. अंघोळ आणि कपडे सोडले तर खिडकीकडे बघत बसायला मिळतात फार तर चार तास. तीस हजार भागिले चार, तासाला साडेसात हजार. समुद्र बघण्याचे. आणि तोच समुद्र वरच्या डेकवर फुकट आहे.

त्यात आणखी एक गंमत. दोन रात्रींच्या क्रूझमध्ये खोलीतला बहुतेक वेळ रात्रीचा असतो, आणि रात्री समुद्राच्या बाजूला काळोख सोडून काही दिसत नाही. शिवाय बाल्कनी एकाच बाजूला असते. मुंबईहून गोव्याला जाताना जहाज दक्षिणेकडे जातं. म्हणजे पश्चिम उजव्या हाताला. सूर्यास्त उजवीकडच्या खोल्यांना दिसतो, डावीकडच्यांना किनाऱ्याची बाजू. परत येताना उलटं. तुम्हाला कुठली बाजू मिळाली यावर तुमच्या महागड्या बाल्कनीचा सूर्यास्त ठरतो. वरच्या डेकवर मात्र दोन्ही बाजू तुमच्या. चार पावलं चाललं की झालं.

म्हणजे बाल्कनी नेहमीच फुकट जाते का? नाही. नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये किंवा अलास्काला सात रात्री चाललात, दिवसभर दोन्ही बाजूंनी डोंगर आणि बर्फ सरकतंय, बाहेर डेकवर थंडीने बोटं आखडतायत, तर खोलीतून दिसणारं दृश्य हीच त्या प्रवासाची किंमत असते. तिथे हिशोब वेगळा लागतो. तसंच तुम्हाला गर्दी नको असेल, दोघांनी पुस्तक घेऊन शांत बसायचं असेल, तर बाल्कनीचे पैसे वसूल होतात. आपण बोलतोय छोट्या, पहिल्या, गजबजलेल्या क्रूझबद्दल.

आता पहिली तपासणी. खोली कुठे आहे?

तुम्ही एसटीने घाट चढलाय ना? मागच्या सीटवर बसलेला माणूस खड्ड्यात छतापर्यंत उडतो आणि मधल्या सीटवरचा आरामात डुलक्या घेत असतो. गाडी तीच, खड्डा तोच. जहाजाचंही तसंच. जहाज दोन प्रकारे हलतं. एक, डावी-उजवीकडे कलतं. दोन, पुढचं टोक वर, मागचं खाली, मग उलट, असं झोके घेतं. दोन्ही वेळा मधला भाग सगळ्यात कमी हलतो. शाळेतली सायन थीटा आठवा. जहाज एका बाजूला दोन अंश कललं, तर मध्यरेषेपासून १४ मीटरवरची बाल्कनीची खोली जवळजवळ अर्धा मीटर वर-खाली होते. मध्यरेषेपासून ४ मीटरवरची इनसाइड खोली फक्त १४ सेंटिमीटर. आता लांबीचं बघू. जहाज एक अंश झुकलं, तर मध्यापासून ९० मीटर पुढे नाकाजवळची खोली दीड मीटरहून जास्त वर-खाली होते. मध्यापासून १० मीटरवरची १७ सेंटिमीटर. म्हणजे मळमळण्याची भीती असेल तर खालचा मजला आणि जहाजाच्या लांबीच्या बरोबर मधली खोली घ्या. आणि लक्षात घ्या, कलण्याच्या बाबतीत सगळ्यात स्थिर खोल्या इनसाइडच असतात. स्वस्तात मस्त म्हणतात ते असं.

पण इनसाइडच्या विरोधातली बाजूही सांगायला हवी. मळमळ होते ती कानातला तोल सांभाळणारा भाग आणि डोळे यांचं पटत नाही म्हणून. कान म्हणतो आपण हलतोय, डोळे म्हणतात भिंत तर स्थिर आहे. खिडकी असेल तर डोळ्यांना क्षितिज दिसतं आणि भांडण मिटतं. इनसाइडमध्ये ते मिळत नाही. उपाय एकच. अस्वस्थ वाटायला लागलं की खोलीत मोबाइल बघत पडू नका, उठून मोकळ्या डेकवर जा आणि लांब क्षितिजाकडे बघा. ते शक्य नसेल तर डोळे मिटून आडवे व्हा. गाडी लागणाऱ्यांनी निघायच्या आधीच डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी, कारण मळमळ सुरू झाल्यावर गोळीचा फारसा उपयोग होत नाही. खिशात आलेपाकाच्या वड्या ठेवा, अनेकांना आल्याने बरं वाटतं. आणि पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावरचा सीझन साधारण ऑक्टोबर ते मे असा धरा. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी बघितलेलं उत्तम.

हलण्याचं झालं, आता आवाज. प्रत्येक जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशा, नेटवर मिळतो. तो उघडा आणि आपल्या खोलीच्या बरोबर वर आणि बरोबर खाली काय आहे ते बघा. वर पूल असेल तर सकाळी सहाला खुर्च्या ओढल्याचा आवाज. वर बुफे किंवा किचन असेल तर ट्रॉल्यांची खडखड. खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर रात्री दोनपर्यंत बेस तुमच्या उशीत. अगदी पुढच्या टोकाला बंदरात नांगराच्या साखळीचा आवाज येऊ शकतो, अगदी मागे इंजिनाची थरथर जाणवू शकते. लिफ्टच्या अगदी समोरची खोली नको, रात्रभर लोक हसत-बोलत जातात. पण आई-बाबा असतील तर लिफ्टपासून फार लांबही नको, कॉरिडॉर शंभर मीटरच्या पुढे जाऊ शकतो. माझा नियम सोपा आहे. वरच्या मजल्यावर केबिन, खालच्या मजल्यावर केबिन, आपण मधे. पावात घातलेल्या वड्यासारखे. दोन्ही बाजूंनी मऊ.

इथे बुकिंगमधला एक शब्द समजून घ्या. 'गॅरंटी केबिन'. सगळ्यात स्वस्त भाडं बरेचदा याच नावाने येतं. ऐकायला भारी वाटतं, पण गॅरंटी असते फक्त प्रकाराची. इनसाइड किंवा त्याहून वरची मिळेल, पण नंबर कंपनी ठरवणार, तोही अगदी निघायच्या आधी. कधी नशिबाने खिडकी मिळते, कधी डिस्कोच्या वरची खोली. एकटे किंवा मित्र मित्र असाल तर घ्या, काय बिघडतंय. पण दोन खोल्या शेजारी हव्या असतील, कुणाला मळमळ होत असेल, कुणाचे गुडघे दुखत असतील, तर थोडे पैसे जास्त भरून नंबर स्वतः निवडा. माझ्या मते इनसाइड घेऊन वाचवलेल्या पैशांतला हा सगळ्यात योग्य खर्च आहे.

आता दुसरी तपासणी. खोलीत झोपणार कोण? ही डेक प्लॅनवर दिसत नाही, म्हणून लोक ती करतच नाहीत.

आमच्या घरचं सांगतो. आम्ही चौघं, आई, बाबा, ताई आणि मी. मुंबई-गोवा-मुंबई, दोन रात्री. दोन बाल्कनी केबिन घेतल्या असत्या तर खर्च आमच्या आवाक्याबाहेर जात होता. सगळ्यात स्वस्त पर्याय होता चौघांची एकच इनसाइड केबिन. पण वरच्या बंकवर आई-बाबा चढणार नाहीत, आणि एका बाथरूममध्ये चौघं म्हणजे सकाळी नुसता गोंधळ. म्हणून दोन इनसाइड घ्यायच्या असं जवळजवळ ठरलं. बाबांना विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "मला काय, मी कुठेही झोपेन. आम्ही लहानपणी एका खोलीत आठ जण झोपायचो. उगाच पैसे घालवू नका."

तुमच्या घरीही हेच उत्तर मिळेल, मी लिहून देतो. त्या पिढीतले वडील "मला बंद खोलीत भीती वाटते" असं सहसा म्हणत नाहीत. म्हणून प्रश्न बदलावा लागतो. तो ताईने बदलला. तिने विचारलं, "बाबा, गेल्या वर्षी तुमच्या पाठीचा एमआरआय केला होता, त्याला किती वेळ लागला?"

बाबा म्हणाले, "अर्धा तास."

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "अर्धा तास आत. आणि त्याआधी दोनदा बाहेर काढायला लावलं, तेही सांगा की मुलांना."

बाबा पेपर वाचायला लागले. आम्हाला उत्तर मिळालं होतं.

मग आम्ही काय केलं? आई-बाबांसाठी खिडकीची केबिन, ज्याला ओशन व्ह्यू म्हणतात. ती उघडत नाही, पण उजेड येतो आणि बाहेर काय चाललंय ते दिसतं. ताईसाठी आणि माझ्यासाठी बरोबर समोरच्या दारातली इनसाइड. चौघांचा एकूण खर्च दोन बाल्कन्यांपेक्षा बराच कमी झाला, आणि ज्याला खिडकी लागते त्याला ती मिळाली. बाबा पहाटे साडेपाचला उठून पडदा सरकवून बसले होते. मासेमारीच्या बोटींचे दिवे मोजत होते म्हणे. आम्ही दोघं गडद अंधारात नऊपर्यंत झोपलो. दोन्ही खोल्यांना आपापलं गिऱ्हाईक मिळालं होतं.

म्हणून माझं म्हणणं असं की संपूर्ण कुटुंबासाठी एकच प्रकार घ्यायची गरज नाही. मिसळ करा. समोरासमोर एक खिडकीची आणि एक बिनखिडकीची घेतली की दिवसा सगळे उजेडाच्या खोलीत जमतात आणि रात्री आपापल्या जागी जातात.

इनसाइड कुणी घेऊ नये, ते स्पष्ट सांगतो. लिफ्ट दोन मिनिटं अडकली तरी ज्यांना घाम फुटतो, एमआरआयमध्ये ज्यांचा श्वास अडकतो, जे घरी बाथरूमचं दार पूर्ण लावत नाहीत, बेडरूमचा दिवा मालवून झोपू शकत नाहीत, त्यांच्यासाठी ही खोली नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि "सवय होईल" हे उत्तर नाही. सुट्टी सवय करायला घेत नाहीत. घरच्या मोठ्यांना थेट विचारू नका, या गोष्टी आठवून विचारा.

आणि कुणाला इनसाइड आवडेल? यूएस शिफ्ट करणाऱ्या आपल्या मित्रमंडळींना. भर दुपारी असा अंधार घरी काळे पडदे लावूनही मिळत नाही. दुपारी झोपणारं बाळ असेल त्यांना. शो संपेपर्यंत खोलीत न फिरकणाऱ्या ग्रुपला. आणि एकट्याने जाणाऱ्यांना. भाडं बहुतेक ठिकाणी दोघांनी खोली वाटून घेतली असं धरून माणशी सांगतात. एकटे गेलात तर बरेचदा जवळजवळ दोघांचे पैसे भरावे लागतात. अशा वेळी सगळ्यात स्वस्त खोली घेणं हाच शहाणपणा. याउलट तिसरा आणि चौथा माणूस त्याच खोलीत असेल तर त्यांचं भाडं बहुधा कमी लागतं. मात्र पोर्ट चार्जेस सहसा माणशी असतात, त्यामुळे जाहिरातीतल्या आकड्यावर जाऊ नका. टॅक्स, पोर्ट चार्जेस, ग्रॅच्युइटी सगळं धरून शेवटच्या स्क्रीनवर जो आकडा येतो, त्याचीच तुलना करा.

एक प्रश्न नेहमी येतो. "दादा, काही झालं तर? खिडकी नाही, बाहेर कसं पडायचं?" प्रश्न बरोबर आहे. पण बघा, बाल्कनीवाला काही बाल्कनीतून उडी मारून जाणार नसतो. बाहेर पडायची वाट सगळ्यांची तीच, दारातून कॉरिडॉर, तिथून जिना, जिन्यावरून मस्टर स्टेशन. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे जहाज खडकावर आदळलं, तेव्हा नुकत्याच चढलेल्या अनेक प्रवाशांचं ड्रिल झालेलंच नव्हतं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि २०१५ पासून मस्टर ड्रिल जहाज सुटण्याआधी किंवा सुटता सुटता घ्यावंच लागतं. ते ड्रिल चालू असताना रील बनवू नका. इनसाइडवाल्यांनी एक काम जास्तीचं करावं. खोलीत बॅग टाकल्यावर दारापासून जवळच्या जिन्यापर्यंत किती दारं लागतात ती मोजा. अंधारात तुम्हाला आकडा आठवेल. आई-बाबांनाही एकदा चालवून आणा.

आता त्या खोलीत राहायचं कसं, थोडक्यात.

अंधार खरोखर पूर्ण असतो, हातावरचा हात दिसत नाही. एक छोटा बॅटरीवरचा नाइट लॅम्प घ्या, नाहीतर बाथरूमचा दिवा लावून दार किंचित उघडं ठेवा. काही जहाजांवर टीव्हीच्या एका चॅनेलवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र असतं. आवाज बंद करून तो लावला की सकाळ झालीय की नाही ते कळतं. गजर लावा, कारण सूर्य तुम्हाला उठवायला येणार नाही.

प्लग दोन-तीन प्रकारचे असू शकतात, विशेषतः परदेशी बांधणीच्या जहाजांवर. युनिव्हर्सल अडॅप्टर ठेवा. इस्त्री आणि काही प्रकारचे एक्स्टेंशन बोर्ड बहुतेक जहाजांवर चालत नाहीत, तपासणीत काढून घेतात.

आणि फोन. हे नीट ऐका. किनारा सुटला की तुमचं नेटवर्क जातं आणि फोन जहाजाच्या उपग्रहावरच्या मोबाइल नेटवर्कला चिकटू शकतो. त्याचे दर साध्या रोमिंगपेक्षा कितीतरी जास्त असू शकतात, आणि जमिनीवरचा तुमचा प्लॅन तिथे लागू होईलच असं नाही. जहाज सुटताना फ्लाइट मोड. आई-बाबांच्या फोनवरही तुम्हीच लावा. गाणी, सिनेमे, आणि हो, पॉडकास्टचे भागसुद्धा आधीच डाउनलोड करून ठेवा.

खोली लहान असल्याने सामान कमी न्या. दोघांत एक मोठी बॅग पुरते. एक चप्पल, एक बूट, डेकवर वारा असतो म्हणून एक जाकीट. ओले कपडे मात्र खोलीत सहज वाळत नाहीत, म्हणून पोहण्याचे दोन जोड घ्या.

जाता जाता एक मजेची माहिती. बिनखिडकीच्या खोलीची अडचण जहाज बांधणाऱ्यांनाही ठाऊक आहे. १९९९ मध्ये आलेल्या 'व्हॉयेजर ऑफ द सीज'वर काही आतल्या खोल्यांना खिडक्या आहेत, पण त्या जहाजाच्या आतल्या बाजारपेठेत उघडणाऱ्या दृश्यावर. २०११ मध्ये 'डिस्ने ड्रीम'ने इनसाइड केबिनमध्ये गोल खिडकीसारखा स्क्रीन बसवला, त्यावर बाहेरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र दिसतं. २०१४ च्या 'क्वांटम ऑफ द सीज'वर तर छतापासून जमिनीपर्यंतचा स्क्रीन आला, त्याला व्हर्च्युअल बाल्कनी म्हणतात. सिंगापूरहून किंवा परदेशातून क्रूझ करणार असाल तर 'इंटीरिअर विथ व्हर्च्युअल बाल्कनी' असा प्रकार यादीत दिसतो का ते बघा. पण ज्याला बंद खोलीचा त्रास होतो, त्याला स्क्रीन दाखवून समजूत काढू नका. त्याला खरी खिडकीच द्या.

तर, बुकिंगच्या स्क्रीनवर जाल तेव्हा एवढंच करा. डेक प्लॅन उघडा, मधली आणि वर-खाली केबिन असलेली खोली शोधा. शेवटचा पूर्ण आकडा बघा. आणि पैसे भरायच्या आधी, ज्यांना घेऊन जाताय त्यांना एक फोन करा. "तुम्हाला चालेल का" असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी "हो" असतं. गेल्या वेळी लिफ्ट अडकली तेव्हा काय झालं होतं, ते विचारा.

तुमच्यापैकी कुणी इनसाइडमध्ये राहून आलं असेल तर खोली नेमकी कुठे होती आणि झोप लागली का, तेवढं कळवा. पुढच्या भागात वाचून दाखवीन. तोपर्यंत काळजी घ्या, आणि फ्लाइट मोड विसरू नका. भेटूया.